डोळं बघत्यात, हात इचारत्यात

कांबळे सर खुर्चीवर बसायच्या आधी ती हलवून बघायचे. खुर्ची कुणाची, कुठली, हा प्रश्नच नाही. लग्नाच्या मांडवात नवरदेवाच्या बापाने हाताला धरून बसवलं तरी आधी पाठ धरून हलवणार, वाकून पाय बघणार, मग टेकणार. चहा आला की कप उचलून तळ बघायचे, तडा आहे का. एसटीत जागा असली तरी ड्रायव्हरच्या मागे दांडा धरून गगनबावड्यापर्यंत उभ्याने जायचे, कारण तो पेंगतोय का यावर कुणीतरी नजर ठेवायला हवी. कोल्हापुरात आमच्या मंगळवार पेठेत त्यांना मागून 'संशयी सर' म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. अर्ध्या पेठेची पोरं पॉलिटेक्निकमध्ये त्यांच्या हाताखाली शिकत होती.

मीही काही भोळी नाही. शिलाईचं दुकान चालवणाऱ्या बाईला भोळं राहून परवडत नाही. 'मापाला हेच घ्या' म्हणून गिऱ्हाईक बहिणीचं ब्लाउज ठेवून जातं आणि मग 'घट्ट झालं' म्हणून भांडायला येतं. म्हणून मी शिवून झालेले कपडे बोचक्यात बांधले की बोचक्याचं तोंडही टाके घालून बंद करते. टाके माझे, दोरा माझा. उद्या कुणी 'यात एक कमी होतं' म्हणायला नको. सर पहिल्यांदा दुकानात आले आणि मी त्यांच्याकडे संशयाने बघितलं, त्यांनी माझ्या मशीनकडे संशयाने बघितलं. आमची ओळख अशी झाली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्यांच्या बगलेत पांढरं, सळसळणारं कापड होतं. "ताई, ह्येला दुहेरी शिवण मारून द्या," म्हणाले. कशासाठी, ते सांगेनात. मी शिवून दिलं. सरांनी भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत, कापडाची दोन टोकं धरली आणि सगळा जोर लावून ओढलं. शिवण टर्रकन उसवली. "फाटली," एवढंच म्हणाले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी परत हजर, निराळा दोरा घेऊन. परत शिवण, परत ओढाओढ, परत "फाटली". असं बरेच दिवस चाललं. माझं डोकं तापलं. मी म्हटलं, "अहो सर, बघा की, शिवण सरळ आहे, घट्ट आहे. डोळ्यांनी दिसत नाही का?"

"डोळं बघत्यात ताई," ते शांतपणे म्हणाले. "हात इचारत्यात." आणि डोळे मिटून शिवणीवरून अंगठा फिरवायला लागले.

शेवटी एक दिवस कापड फाटलं, पण शिवण राहिली. सर पहिल्यांदा हसले. "आता जमलं. विमानाला चालंल." पिशवीला चालेल म्हणावं, तसं त्यांनी ते म्हटलं.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते खरंच विमान बांधत होते. एका माणसाचं, नळ्यांच्या सांगाड्याचं, कापडी पंखांचं. शेडला कायम कुलूप असल्यामुळे गल्लीने आपापल्या परीने तर्क लढवले. कुणी म्हणालं, आत नोटा छापतात. कुणी म्हणालं, सर कोकणातून चोरटा माल आणणार. एकदा एक हवालदार माझ्याच दुकानात येऊन स्टुलावर बसला. सर माझ्याकडून एवढं काय शिवून घेतात, याची चौकशी.

"पंख शिवते," मी म्हटलं.

"कुटं जानार हायत ते?"

"वर."

"वर म्हंजे?"

मी बोट वर केलं. हवालदाराने पंख्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चहा न घेताच उठला. पुढे दिल्लीहून परवान्याचे कागद आले, तेव्हा कुठे पोलिसांचं येणं थांबलं. गल्लीचं बघणं मात्र थांबलं नाही.

विमान कशाला, याचं उत्तर सर विचारणाऱ्याचं तोंड बघून द्यायचे. प्राचार्यांना सांगितलं, विद्यार्थ्यांसाठी. बायकोला, सुमनवहिनींना सांगितलं, निवृत्तीनंतर वेळ जायला. मला खरं उत्तर मिळालं ते पंखाचं शेवटचं कापड चढवताना. "ताई, दुसऱ्यानं चालवलेल्या कुठल्या गाडीत मला झोप लागत न्हाय. बोल्ट कुणी आवळला, ब्रेक कुणी बघितला, काय म्हायती? एक तरी वाहन असं पायजे, की मीच बांधलं, मीच तपासलं, मीच चालवलं." मी म्हटलं, "पण सर, स्वतः चालवताना तरी झोप कशी लागणार?"

जगात त्यांचा विश्वास एकाच माणसावर होता, तुकाराम पाटलांवर. त्यांना सगळे आण्णा म्हणत. सर मूळचे गडमुडशिंगीचे, आण्णा पाटीलही तिथलेच, दोघे शाळेपासूनचे मित्र. आण्णांचा गावाबाहेर माळ होता. तोच त्यांनी दगड वेचून, रूळ फिरवून विमानाला धावायला करून दिला. कडब्याची मोठी शेड रिकामी करून तिथे विमान ठेवलं. शेडची चावी आण्णांच्या कडदोऱ्याला असायची. खुर्चीवरसुद्धा विश्वास नसणाऱ्या माणसाने चावी कशी दिली, असं मी विचारलं, तेव्हा सर म्हणाले, "ल्हानपणी इहिरीत पवायला शिकलो. पाठीला दोर बांधलेला, आणि दोर त्येच्या हातात. आमच्या वस्तीतल्या पोरानं पाटलाच्या इहिरीत उतरावं का न्हाय, ह्येच्यावर काठावर बोलाचाली चालल्यात. ह्यो एक शबुद बोलला न्हाय. नुस्ता दोर धरून हुबा राह्यला. तवापासनं, तुकारामानं धरलंय म्हंजे म्याच धरलंय."

उड्डाणाच्या दिवशी तपासणी बघण्यासारखी असे. सर प्रत्येक बोल्टला बोट लावायचे, प्रत्येक तार कानाजवळ धरून वाजवायचे, शिवणींवरून अंगठा फिरवायचे. मध्ये कुणी बोललं तर पहिल्यापासून सुरुवात. एकच गोष्ट ते स्वतः बघत नसत. पेट्रोलची टाकी वरच्या पंखात होती आणि तिचं झाकण पंखाच्या पाठीवर. सर बुटके, आण्णा ताडमाड. आण्णा पिंपावर चढून ऑइल मिसळलेलं पेट्रोल ओतायचे आणि झाकणाच्या बारीक भोकात फुंकर मारायचे. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल खाली येत नाही, हवा आत जायला दुसरं पाडावं लागतं. हे ते दुसरं भोक. ते बुजलं तर टाकी भरलेली असूनही इंजिन उपाशी. आण्णा फुंकर मारून वरून ओरडायचे, "वारं जातंय!" आणि सर, जे देवाच्या शपथेवरही विश्वास ठेवत नसत, मान हलवून पुढच्या कामाला लागायचे.

मग विमान माळावरून धावायचं, उचलायचं, गावावरून एक घिरटी घ्यायचं आणि खाली यायचं. पेठेतले लोक विचारायचे, "सर, मुंबईला कधी?" सर म्हणायचे, "उतराय येतंय का त्ये आधी बघू." तेवढ्या एका घिरटीसाठी आण्णांची बायको हौसाक्का जीव मुठीत धरून बसायची. इंजिन सुरू झालं की देवघरात जायची आणि ते बंद झालं की बाहेर यायची. सर तिला चिडवायचे, "वैनी, देवाला म्हणावं तुमी इश्रांती घ्या, बोल्ट मी आवळल्यात." ती म्हणायची, "तुमी मानू नगासा भावजी. तुमच्या वाटणीचं मी मानती."

त्या वर्षी खंडेनवमीला आण्णांनी रिवाजाप्रमाणे ट्रॅक्टर, मोटर, कडबा कापायचं मशीन, सगळ्यांची पूजा केली. दुपारी सर दुसऱ्या दिवशीच्या उड्डाणाची तयारी करायला आले. आण्णांनी टाकी भरली, फुंकर मारली, "वारं जातंय" म्हणाले आणि झेंडूची माळ घेऊन विमानापुढे उभे राहिले. सरांनी माळ हातातून काढून घेतली. "फूल पंख्यात गेलं तर, तुकाराम? त्येला पूजा नको, तपासणी पायजे." आण्णा हसले आणि माळ शेडच्या दाराला बांधून टाकली. हौसाक्का दारातच उभी होती.

दुसऱ्या दिवशी दसरा. सर सकाळी विहारात वंदना करून पांढऱ्या कपड्यांतच माळावर आले. मी पोरांना घेऊन गेले होते. तपासणी झाली. "भोक बघितलंस?" सरांनी विचारलं. "कालच बघितलंय की," आण्णा म्हणाले. विमान उचललं, गावावर वळलं आणि इंजिन खोकायला लागलं. मग आवाज बंद झाला. माळावर एवढी शांतता पसरली की वस्तीवरच्या कोंबड्या ऐकू आल्या.

पलीकडे भुईमूग काढलेलं रान होतं, सरांनी विमान तिकडे वळवलं. चाक मोडलं, एक पंख जमिनीत घुसला. आम्ही धावत पोचलो तेव्हा सर पट्ट्यात लटकत होते, गळ्याचं हाड मोडलं होतं. आण्णांनी हात पुढे केला, तर सर म्हणाले, "कशाला हात लावू नगंस." आडव्या पडलेल्या पंखावर आता झाकण त्यांच्या हाताला येत होतं. चांगल्या हाताने त्यांनी ते फिरवलं. आत लांब फुस्सकन हवा गेली. त्यांनी माझ्याकडून पिन मागून घेतली आणि भोक कोरलं. काळपट तपकिरी काहीतरी भुरभुर पडलं.

"माती," सर म्हणाले. "कुणीतरी माती कोंबलीय."

तेवढ्यात हौसाक्का पाण्याची कळशी घेऊन धापा टाकत आली. आण्णांनी तिच्याकडे बघितलं. तिच्याकडे म्हणजे तिच्या पदराकडे. हे मी पाहिलं. "तू म्हागारी जा. रिक्षा बोलवाय सांग, पळ," म्हणून त्यांनी तिला हाकललंच. ती दूर गेल्यावर सरांनी विचारलं, "शेडची चावी कुणाकडं असती, तुकाराम?"

"माझ्याकडं."

"आनि कुणाकडं?"

"कुणाकडं न्हाय."

"मग झालं," सर म्हणाले.

आण्णांनी हूं की चूं केलं नाही. मला वाटलं, खरा असता तर भडकला असता. कोल्हापूरचा माणूस खोटा आळ ऐकून गप्प बसतो होय? त्यात त्या माळाला गिऱ्हाईक लागल्याचं आणि आण्णांची पोरं विकायच्या मागे असल्याचं मी ऐकून होते. विमान नसतं तर माळ मोकळा झाला असता. मी मनातल्या मनात आण्णांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून टाकलं. विमान ट्रॉलीत घालून मंगळवार पेठेत आलं आणि सरांनी गडमुडशिंगीचं नाव टाकलं. त्यांचा गळपट्टा निघाला, पण चेहरा मोडलेला तो मोडलेलाच राहिला. पूर्वी ते वस्तूंवर संशय घ्यायचे आणि त्यात त्यांना मजा यायची. आता ती मजा गेली. माझ्याकडे आले तरी खुर्ची हलवून बघायचे आणि न बसताच उभे राहायचे.

पंखाचं कापड नीट करायला माझ्याकडे आलं. झाकणाभोवती मी सुती कापडाची जाड पट्टी शिवली होती. तिच्यावर पेट्रोल-ऑइलचे पिवळट डाग नेहमीचेच. माती निघावी म्हणून मी कापड साबणाच्या पाण्यात टाकलं. घासायला घेतलं, तर त्या पट्टीवरचा एक पिवळा डाग माझ्या डोळ्यांदेखत लालभडक झाला.

ऑइलचा डाग साबणाने लाल होत नाही. हळदीचा होतो. हे ज्या बाईने हळदी-कुंकवाची पातळं धुतलीत तिला सांगावं लागत नाही. मी डागावर बोटं ठेवून बघितली. मध्ये झाकणाची जागा आणि भोवती पुसून फराटलेल्या बोटांचे माग. बाईच्या हाताचे. आण्णांनी हौसाक्काच्या पदराकडे का बघितलं होतं, ते आता कळलं.

मी तशीच गडमुडशिंगीला गेले. आण्णा गोठ्यात धार काढत होते. माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांनी चरवी खाली ठेवली आणि मला रानाच्या बांधावर नेलं.

"कळलं व्हय तुला?"

"वहिनींनी पूजा केली. झाकणावर."

"तिच्या लेखी इमानाचं त्येच कपाळ. सगळ्यात वर हाय न्हवं? मी परड्यात आंघुळीला गेलतो तवा खुंटीवरची चावी घिऊन तिनं पिंपावर चढून हळद-कुकू लावलं, आनि भावजी रागावतील म्हणून पदरानं पुसूनबी टाकलं. भोकात बसलं तेवढं ऱ्हायलं, वाळलं. तिला वाटतंय, आपन लावलं म्हणूनच भावजी वाचलं."

"मग सरांना सांगा की हे!"

"त्येला सांगितलं तर त्यो तिला माफ करंल. पर तिला कळल्याबिगर ऱ्हायचं न्हाय, आनि कळल्यावर ती सोताला माफ करायची न्हाय. जेवायची न्हाय, मरंल." मग ढेकूळ पायाने फोडत म्हणाले, "माझ्यावर संशेव हाय, असू दे की. सगळ्या जगाला तपासून झालतं त्येचं. मी एकटाच ऱ्हायलोतो."

त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला, कुणापुढे तोंड उघडायचं नाही. मी शब्द दिला. पण आत माझी तगमग होत होती. सरांना वाटत होतं, दोर धरणाऱ्यानेच दोर सोडला. आणि हा भला माणूस दोर धरून उभाच होता, तेव्हासारखाच, एक शब्द न बोलता. मग मला युक्ती सुचली. तोंड उघडायचं नाही ना? ठीक. मी तो डाग तसाच ठेवला. बाकीचं कापड स्वच्छ केलं, शिवलं आणि लाल डाग वर येईल अशी घडी घालून बोचकं बांधलं. सर शिवणीन् शिवण अंगठ्याने विचारणारे. त्यांच्या हाताला तो डाग सापडणारच.

बोचकं घेऊन गेले तेव्हा सर शेडच्या पायरीवर बसले होते. "बघून घ्या," मी म्हटलं. त्यांनी नुसता हात केला, "ठेवा तितं." ओढून बघितलं नाही, उघडलंही नाही. मला वाटलं, मागाहून बघतील.

वर्ष सरत आलं. दसऱ्याला वंदना करून पांढऱ्या कपड्यांत सर स्कूटरवरून गडमुडशिंगीला गेले, असं मला सुमनवहिनींकडून कळलं. मी त्या दिवशी दुकानात एकटीच हसले. आठवड्याने आण्णा दुकानात आले. आणलेलं दूध ठेवलं आणि गुरकावले, "सांगितलंस न्हवं शेवटी?"

"तोंडाने नाही सांगितलं," मी तोऱ्यात म्हटलं. "काय म्हणाले सर?"

"काय म्हणतोय? आला, बसला. खुर्चीबी हलिवली न्हाय. मी सोनं दिलं, घेटलं. जाताना खिशातनं एक नवं कुलूप काडलं आनि म्हनला, ह्ये शेडला घाल, आनि चावी तुझ्याकडंच असू दे." आण्णांनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसत राहिले.

विमान पुन्हा उडालं नाही. सुमनवहिनींनी हातच जोडले, सरांचं हाडही नीट जुळलं नव्हतं. पण विमान पुन्हा आण्णांच्या शेडमध्ये गेलं, बिनकापडाच्या एका पंखासकट, आणि दोघं मित्र संध्याकाळी त्याच्याशेजारी बसायला लागले. मी एकदा सरांना खडा टाकून बघितला, "सर, तो डाग बघितलात ना?" ते म्हणाले, "कुठला डाग?" मला वाटलं, काय हा माणूस, हौसाक्काला झाकायला माझ्यापुढेही नाटक करतोय. माझा आदर दुप्पट झाला. आणि खरं सांगायचं तर स्वतःच्या हुशारीबद्दलचाही.

हौसाक्का आधी गेली, काही न कळता. तिच्यामागे दोन-तीन वर्षांनी सर गेले, पोटाच्या दुखण्याने. दवाखान्यातसुद्धा सलाईनची बाटली कुणी लावली ते विचारून घ्यायचे. जलदान विधी झाल्यावर सुमनवहिनींनी मला शेड आवरायला बोलावलं. माळ्यावरून त्यांनी एक धुळकट बोचकं खाली टाकलं. "शोभाताई, हे तुमचंच दिसतंय."

माझंच होतं. तोंडाला माझे टाके होते, माझ्या मशीनचा निळा दोरा, शेवटी मी घालते ती दुहेरी गाठ. एक टाका उसवलेला नव्हता. बोचकं आणलं तसंच होतं. ते कुणी कधी उघडलंच नव्हतं.

तसंच बोचकं घेऊन मी गडमुडशिंगीला गेले. आण्णा आता काठी घेऊन चालायचे. विमानाच्या शेडपुढे बाजेवर बसले होते. मी बोचकं त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि टाके दाखवले. आण्णांना आधी काही उमजेना. मी म्हटलं, "डाग यात आहे. सरांनी बघितलाच नाही. मी सांगितलं नव्हतं, तुम्ही सांगितलं नव्हतं."

आण्णांनी टाक्यांवरून अंगठा फिरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग परत.

"म्हंजे त्यो तपासल्याबिगरच आलता," ते म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडून कात्री मागून घेतली आणि टाके कापले. आतला डाग अजून तांबूस होता. हळदीचा डाग उन्हात घातला की उडून जातो. आण्णांनी कापड झटकलं आणि माळावरच्या उन्हात पसरून टाकलं, वाऱ्याने उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले, आणि आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो.